बंड्याला फक्त थोडं अंतर हवंय

आमच्याकडे सध्या बंड्या आहे. फॉस्टरला आहे, म्हणजे तो आमचा नाही, कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहणार आणि तोपर्यंत त्याचं खाणंपिणं, औषधं, फिरवणं हे आमच्याकडे. वय दहा-अकरा महिने, आपला देशी, तांबूस रंग, एक कान उभा एक पडलेला, दिसायला अतिशय देखणा. आणि रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे समोरून अनोळखी माणूस, दुसरा कुत्रा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, हातात काठी असलेलं कुणीही दिसलं की हा पट्ट्याच्या टोकापर्यंत झेप घेणार आणि जीव खाऊन भुंकणार. बघणाऱ्याला वाटतं आता हा फाडून खाणार. पण पट्टा सैल सोडून मागे वळलं ना, की तो लगेच आपल्याबरोबर मागे येतो, कारण त्याला कुणाच्या अंगावर जायचंच नसतं, समोरच्याने लांब जावं एवढंच हवं असतं.

हे मला मनापासून सगळ्यांना सांगायचंय, कारण अशी कितीतरी कुत्री 'चावरा आहे' म्हणून दत्तक घेतल्यावर परत केली जातात. वय कोवळं असतं, तब्येत चांगली असते, फक्त घाबरलेली असतात.

बंड्या एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली आखूड दोरीने बांधलेला सापडला. काम बंद पडलेलं, माणसं निघून गेलेली. आमच्या भागात रेस्क्यूचं काम करणारी एक ताई आहे तिने त्याला सोडवलं. त्याला कुणी मारलं का, कुणास ठाऊक. घाबरणारा प्रत्येक कुत्रा मार खाल्लेलाच असतो असं नाही बरं का. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ मध्ये जे मांडलं ते आजही सगळे ट्रेनर सांगतात, की साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लू जे बघतं, हुंगतं, ऐकतं ते त्याच्या डोक्यात 'हे नॉर्मल आहे' म्हणून बसतं. त्या वयात ज्याने जिन्याखालचा अंधार आणि सिमेंटच्या गोण्या सोडून काही बघितलंच नाही त्याला लिफ्ट, छत्री, शाळेची व्हॅन, मिक्सर हे सगळं भीतीदायकच वाटणार. त्यात हे वय म्हणजे ऐन पौगंडावस्था, काल ज्याच्याजवळून निवांत गेला त्याच कचऱ्याच्या डब्यावर आज भुंकेल.

सुरुवातीला आम्ही त्याला काहीही शिकवलं नाही. हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब त्याची जागा केली, सासूबाईंनी त्यांची जुनी गोधडी दिली, आणि घरात एकच नियम ठेवला की तो गोधडीवर असताना कुणी त्याच्याजवळ जायचं नाही, तो उठून आपल्याकडे आला तर ठीक, नाही आला तरी ठीक. पाहुणे बंद, कौतुक करायला येणारे शेजारी बंद. रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणतात, तीन दिवस बावचळलेला, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हे काही पंचांगात लिहिलेलं नाही, प्रत्येक कुत्र्याचं पुढेमागे होतं, पण लोकांना धीर द्यायला फार उपयोगी पडतं, कारण बरेच जण चौथ्या दिवशीच फोन करतात की हा अजून शेपूट हलवत नाही हो.

आणि पहिल्यांदा डॉक्टर, मग ट्रेनिंग. बंड्याचं रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप कमी, टिक फीवर. गोचिडीतून होतो तो, आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत भयंकर कॉमन आहे. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, पोट भरलेलं असताना, वर गोचीड जाण्याची गोळी. ज्याचं अंग दुखतंय त्याच्याजवळ कुणी आलं तर तो गुरगुरणारच, आपण नाही का ताप असला की चिडतो. कान दुखणं, दात, पायाचं जुनं दुखणं, हे सगळं आधी बघून घ्यायचं. ताप उतरल्यावर त्याची निम्मी गुरगुर आपोआप गेली, खरंच. घरात नवीन कुत्रा आणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, सीबीसी (रक्तपेशी मोजायची साधी तपासणी) आणि गोचिडीच्या तापाची तपासणी करून घ्या, मग स्वभावावर बोला.

मग राहिली खरी भीती. इथे एक गोष्ट कळणं फार गरजेचं आहे. बाहेरून बघताना वाटतं कुत्रा अचानक पेटला. दूध उतू जातं तेव्हा तसंच वाटतं, पण ते खालून केव्हाचं तापत असतं. सकाळी गॅस सिलेंडरवाला आला, मग जिन्यात फर्निचर सरकवलं, दुपारी वरच्या मजल्यावर ड्रिल चालू, यातल्या कशावरच तो भुंकला नाही, आणि संध्याकाळी एक छोटी मुलगी सायकलवरून गेली तर तिच्यावर जीव खाऊन भुंकला. ताण अंगातून लगेच उतरत नाही, साचत जातो. त्यामुळे ज्या दिवशी घरात फार आवाज झालेत त्या दिवशी आम्ही त्याला फिरायला लांब नेतच नाही, खाली शू-शी करून वर, आणि मग जुन्या टॉवेलमध्ये त्याचं खाणं गुंडाळून देतो, तो नाकाने उलगडत बसतो. हुंगण्याने आणि चाटण्याने कुत्रं शांत होतं, आणि झोपेने. तरुण कुत्र्याला दिवसाचे बारा-चौदा तास झोप सहज लागते आणि रस्त्यावरच्या किंवा शेल्टरमधल्या कुत्र्याला ती बरेचदा मिळालेलीच नसते. लोक म्हणतात खूप पळवा, दमला की शांत होईल. घाबरलेल्या कुत्र्याला गर्दीतून पळवून तो दमत नाही, आणखी ताणात जातो.

हेल्मेटचं सांगते, कारण ते मला फार आवडतं. आधी नवऱ्याचं हेल्मेट हॉलच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर नुसतं ठेवलं आणि बंड्याला या टोकाला जेवण दिलं. त्याने एकदा बघितलं, खाल्लं. मग रोज ताटली वीतभर पुढे. एके दिवशी त्याने स्वतःच जाऊन हेल्मेट हुंगलं, ओठ चाटले, जांभई दिली आणि परत आला. (हे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, झोप नसताना जांभई, हे सगळे 'मला जरा अवघडल्यासारखं होतंय' असं सांगायचे प्रकार आहेत, भुंकण्याच्या कितीतरी आधी येतात, फक्त आपलं लक्ष नसतं.) मग हेल्मेट टेबलावर, मग नवऱ्याच्या हातात, मग मांडीवर, मग डोक्यावर पण काच वर करून आणि खाली बसलेला असताना, मग उभा राहून, मग दारातून आत येताना. प्रत्येक पायरीला तो शेपूट खाली घालून ताठ झाला की एक पायरी मागे. शेवटी हेल्मेट घातलेला माणूस दारात आला की बंड्या भुंकायच्या ऐवजी वळून माझ्याकडे बघायला लागला, चिकन कुठंय म्हणून.

बाहेर पण हेच, फक्त अंतर मोठं. आमच्या मागे कॅनॉल रोड आहे, तिथे पहाटे लवकर नाहीतर रात्री उशिरा जायचं, पट्टा गळ्यात अडकवायचा नाही, छातीवरून हार्नेस घालायचा, खिशात बिनमीठ-मसाल्याचं उकडलेलं चिकन नाहीतर कलेजी. समोर लांबवर कुत्रा दिसला, बंड्याने बघितला, अजून अंग सैल आहे, कान हलतायत, की लगेच 'हो!' म्हणायचं आणि चिकन. यात क्रम फार महत्त्वाचा. आधी त्याला कुत्रा दिसला पाहिजे, मग चिकन. आपण घाबरून आधीच चिकन काढलं तर त्याला उलटच कळतं, चिकन आलं म्हणजे काहीतरी भयंकर येतंय, आणि मग तो चिकन बघूनच ताठ होतो. पावलोव्हची घंटा आणि जेवण शाळेत सगळ्यांनी वाचलंय, तेच आहे हे. आणि तो भुंकायलाच लागला, खाणंसुद्धा घेत नाही, म्हणजे आपण फार जवळ आलोय, तिथे शिकवणं बिकवणं सोडून 'चल चल' म्हणत वळायचं आणि निघायचं. हे 'चल चल' आधी घरात, पॅसेजमध्ये खेळासारखं पक्कं करून घेतलेलं असलं पाहिजे. आणि गवत मिळालं की 'शोध' म्हणून मूठभर खाणं त्यात टाकायचं, डोकं खाली गेलं की श्वास बदललेला दिसतो.

आमचे वॉचमन काका पहिल्यांदा बंड्याला बघून काठी आपटायचे, त्यांची चूक नाही, रात्रीची ड्युटी आणि त्यांच्या गावाकडे कुत्र्याला असंच हाकलतात. मी त्यांना म्हटलं, "काका, आम्ही जाताना काठी जरा खुर्चीमागे ठेवाल का, आणि त्याच्याकडे बघू नका, नुसतं हे चिकन बाजूला टाका." त्यांनी विचारलं, "मॅडम, हा चावणार नाही ना?" मी म्हटलं तुम्ही जागचे हलू नका, आम्हीच लांबून जातो. ते रोज न बघता चिकनचा तुकडा टाकायचे, आपले पेपर वाचत बसायचे. आता बंड्या गेटजवळ आला की स्वतःच खुर्चीकडे ओढतो आणि काका म्हणतात, "आले का साहेब." ट्रेनिंगची कुठलीही फी न घेता जेवढं त्यांनी केलं तेवढं कुणी केलं नाही.

उलट सल्ले देणारे खूप. चोक चेन (ओढली की गळ्याला आवळणारी साखळी) घाला, एकदा सणसणीत ठेवून द्या, गुरगुरला की ओरडा. कृपा करून हे करू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती मारून बंद केली तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावू शकतो. आणि दुसऱ्या कुत्र्याला बघितलं की मानेला झटका बसतो, हे त्याच्या डोक्यात बसलं तर तो त्या कुत्र्याचा जास्तच राग करेल. सोसायटीचं म्हणाल तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. त्या मी कमिटीला प्रिंट काढून दिल्या. पण कागद दाखवून लोक मोकळे होत नाहीत, म्हणून लिफ्टमध्ये कुणी असेल तर मी थांबते, मुलं खेळत असतील तर मागच्या गेटने जाते, आणि त्याला मझल, म्हणजे तोंडावरची जाळी, घालायची सवय लावलीये, त्यातून तो तोंड उघडून हॅ हॅ करू शकतो, पाणी पिऊ शकतो. तो कुणाला चावलेला नाही, तरी दवाखान्यात गर्दी असते तिथे सगळ्यांनाच बरं वाटतं. अँटी रेबीज झालंय, आणि मी स्वतःसुद्धा आधीच प्रतिबंधक डोस घेतलेत, फॉस्टर करणाऱ्या सगळ्यांनी घ्यावेत.

आणि आपल्या पुण्यातलं खास, ढोल. गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो आणि संध्याकाळी आमच्या खिडक्या थरथरतात. मला स्वतःला ढोल ऐकला की अंगावर काटा येतो, आनंदाने, त्यामुळे पथकांवर माझा अजिबात राग नाही. पण बंड्या पहिल्या संध्याकाळी बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन बसला आणि थरथरत होता. मग आतली खोली, जाड पडदे, पंखा फुल, आणि सासूबाई तिथे जमिनीवर बसून त्याला हात न लावता हळू आवाजात हरिपाठ म्हणायच्या. घाबरलेल्या कुत्र्याजवळ बसलं तर भीतीला खतपाणी मिळतं असं म्हणतात, ते खरं नाही, त्याला जवळ यायचं असेल तर येऊ द्यावं. दिवसा मोबाईलवर ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून खाणं चालू. विसर्जनाच्या दिवसासाठी डॉक्टरांनी भीती कमी करणारी गोळी दिली. नुसती गुंगीची नव्हे, त्यात फरक आहे, काही गोळ्यांनी कुत्रं हलत नाही पण आतून तेवढंच घाबरलेलं असतं, त्यामुळे मनाने काही देऊ नका, डॉक्टरांना 'भीतीसाठी' असं स्पष्ट विचारा. दिवाळीलाही हेच करणार आहोत आणि फटाके सुरू व्हायच्या आत त्याचं फिरून झालेलं असेल.

तर आता बंड्या कुठपर्यंत आलाय? रस्त्याच्या पलीकडून कुत्रा गेला तर बघतो आणि माझ्याकडे वळतो. याच बाजूने आला तर अजून भुंकतो, पण लवकर थांबतो. घरात मात्र वेगळाच प्राणी, चपला पळवतो, सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवून झोपतो, कुकरच्या शिट्टीला उठतसुद्धा नाही. तो कधी सगळ्यांना शेपूट हलवणारा होईल का, मला वाटत नाही आणि व्हायची गरजही नाही.

त्याच्यासाठी घर बघतोय. नसबंदी, लसीकरण झालंय, फाईल तयार आहे. घरात दुसरा कुत्रा नको, मुलं असतील तर दहा-बारा वर्षांच्या पुढची, शक्यतो मुख्य रस्त्यावरचं घर नको, आणि कुणीतरी दिवसा घरी असावं. बघायला यायचं असेल तर एकदा येऊन लगेच घेऊन जाता येणार नाही, काही वेळा यावं लागेल, पहिली भेट कॅनॉल रोडवर, घरात नाही. येताना टोपी, गॉगल नको. समोरून सरळ चालत येऊ नका, आपण एकाच दिशेने लांबलांब बरोबर चालायचं, तुम्ही तिकडच्या कडेने, आम्ही इकडच्या. त्याच्याकडे टक लावून बघू नका, हात पुढे करू नका, वाकू नका. चिकन माझ्याकडे आहे, अंतर कधी कमी करायचं ते बंड्या सांगेल.