एक स्टड कापल्यानंतर

गाडीची नवी रुंद अलॉय चाके आतल्या बाजूने सस्पेन्शनला जेमतेम २ मिलिमीटर अंतर ठेवून फिरत होती, म्हणून मी स्पेसर, म्हणजे चाक थोडे बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या चकत्या, आणले: २० मिलिमीटर जाडीचे, हबवर (चाक ज्यावर बसते तो भाग) नटांनी आवळायचे आणि चाकासाठी स्वतःचे वेगळे स्टड (नट चढवायचे आटेदार खुंट) असलेले. स्पेसर बसले, पण चाक टेकेना. हबचे मूळ स्टड २९ मिलिमीटर बाहेर होते, त्यामुळे त्यांची ९ मिलिमीटर टोके स्पेसरच्या वर येत होती. काही अलॉय चाकांच्या पाठीवर अशी टोके सामावणाऱ्या खाचा असतात. माझ्या चाकांची पाठ सपाट होती.

टोके कापणे हा सोपा उपाय वाटला आणि एक स्टड मी ग्राइंडरने १० मिलिमीटर कापलाही. कापलेले टोक निळे पडलेले पाहून हात थांबला. पोलादावरचा तो रंग पृष्ठभाग सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याची खूण असते. आत किती उष्णता गेली आणि स्टडचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरले की काय, हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. आधी नट चढवून हॅकसॉने सावकाश कापले असते, तर ही शंका उरली नसती आणि नट उतरवताना आटेही साफ झाले असते.

बारीक मापे घेणारा व्हर्नियर हातात घेतला तो त्यानंतर, आणि तेव्हा तापण्यापेक्षा मोठी चूक दिसली. स्टड १९ मिलिमीटर उरला होता. नट स्पेसरच्या खोलगट भोकात ज्या बैठकीवर टेकतो, तिच्याखाली ९ मिलिमीटर धातू होता. म्हणजे नटाच्या वाट्याला १० मिलिमीटर आटे येत होते. स्टडचा व्यास १२ मिलिमीटर, आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर. नटाने निदान व्यासाइतके आटे पकडावेत, या सर्वमान्य हिशेबाने ८ पूर्ण फेरे हवे होते, मला सुमारे साडेसहाच मिळत होते. शिवाय चाकाचा भार स्टडांनी नव्हे, तर नटांच्या आवळीमुळे एकमेकांवर दाबल्या गेलेल्या पृष्ठभागांच्या घर्षणाने पेलायचा असतो. आटे कमी पडले की ती आवळच भरवशाची राहत नाही.

मग ते स्पेसर बाजूला ठेवून, हबच्या मधल्या कड्यावर नेमके बसणारे १५ मिलिमीटरचे साधे स्पेसर आणि मूळ मापापेक्षा तेवढेच लांब, म्हणजे ४४ मिलिमीटर बाहेर येणारे स्टड घेतले. इथे लांबीइतकीच महत्त्वाची असते ती स्टडच्या मुळाची दातेरी कॉलर. पहिल्या संचाची कॉलर मूळ मापापेक्षा ०.३ मिलिमीटर बारीक निघाली; असा स्टड नट आवळताना हबमध्येच फिरतो, म्हणून तो संच परत केला. जुने स्टड प्रेसने काढले, नवे त्यानेच बसवले आणि प्रत्येकाचे डोके हबच्या पाठीला पूर्ण टेकले आहे, याची खात्री केली, कारण अर्धवट बसलेला स्टड पुढे चालताना सरकतो आणि नट आपोआप सैल होतो.

हबचा गंज तारेच्या ब्रशने काढला, आट्यांना तेल लावले नाही (तेलामुळे तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या पिळाला, स्टड जास्त ताणला जातो) आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनेच नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले. १०० किलोमीटरनंतर तपासले, तेव्हा मागच्या डाव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले. चाक उतरवल्यावर हबच्या कडेला गंजाची एक पापुद्री राहिलेली सापडली. ती खरवडून पुन्हा आवळले; पुढच्या १०० किलोमीटरनंतर एकही नट हलला नाही.