गोगलगायी, गोणपाट आणि गुळाचं पाणी

पाऊस सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच विषय असतात, लिकेज आणि गोगलगायी. लिकेजचं मला काही कळत नाही, गोगलगायींचं कळतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी मीठ. लोक पहिला मिठाचा पुडाच घेऊन बाहेर पडतात. मिठाने गोगलगाय मरते, खरंय, पण पावसात तेच मीठ मातीत उतरतं आणि मग रोपांची पानं कडेने करपायला लागतात. मीठ बादलीतल्या पाण्यात घाला, मातीत चिमूटभरही नको.

बाकी गोळा करण्याला पर्याय नाही. दिवसा त्या कुंडीच्या बुडाखाली, विटांच्या फटीत, अळूच्या बुंध्याशी दडून बसतात आणि अंधार पडला की झेंडू, मिरची, पपई, जे कोवळं दिसेल ते फस्त. संध्याकाळी जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून रोपांजवळ पसरायचं, सकाळी ऊन यायच्या आत उलटं करायचं. मोठ्या शंखवाल्या लगेच दिसतात, पण गोणपाटाच्या विणीत नखाएवढी पिल्लं चिकटलेली असतात ती बघून बघून काढा नाहीतर महिन्याभराने परत तेच. बिनशंखाच्या काळपट चपट्यासुद्धा इथेच सापडतात. सगळ्या मिठाच्या बादलीत टाकायच्या आणि मग खड्ड्यात पुरायच्या. हातात ग्लोव्ह्ज हवेतच! उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी गोगलगायीत वाढतो आणि तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, त्यामुळे बागेतली कोथिंबीर पण नीट धुवूनच खा.

माती उकरताना साबुदाण्यासारखी पिवळट अंडी दिसली तर तिथेच चिरडा, एका खेपेला शंभराच्या वर घालते ही बया. आणि ही मोठी जात मुळात आपली नाहीच, आफ्रिकेची. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली म्हणे हौसेने, आणि 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपं हिनेच खाल्ली, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. आपला तर कुंडीतला झेंडूच जातोय.

चुन्याची रेघ ओढतात ती कोरड्यात ठीक, एका सरीत वाहून जाते. दुकानात गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, शेतात चालतात, पण घरात कुत्रा असेल तर अजिबात नको, त्याला विष आहे ते. आमच्याकडे भारद्वाज येतो, तो शंख फोडून गोगलगाय खातो, म्हणून मी गोळ्यांच्या नादीच लागत नाही.

एवढं करून ज्या उरतात त्या बहुतेक शेजारच्या विंगमधून येतात, कारण तिथले एक काका पकडलेल्या सगळ्या कंपाउंडवरून आमच्या बाजूला टाकतात. काका, ग्रुपवर ही लिंक टाकतेय, वाचा.