डोक्याला चुंबक लावून घेतलं तेव्हा

आमच्याकडे अर्धशिशीला कोणी आजार म्हणत नाही. ताप हाताला लागतो, सूज डोळ्याला दिसते; डोकं दुखतं म्हणून अंधारात पडून राहणारी बाई मात्र कामचुकार ठरते. मी कळंब तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मुलांची वजनं भरता भरता आकड्यांचा मधला भाग दिसेनासा व्हायचा, त्याच्या कडेनं एक चमचमती नागमोडी रेघ उमटायची आणि हळूहळू बाजूला सरकायची. ती नाहीशी झाली की उजव्या कानशिलात ठणका सुरू. मग ओकाऱ्या. पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या उन्हात, समोर पंधरा-वीस लेकरं.

उपाय सगळे झाले होते. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली. नाकात कसलेसे थेंब सोडणाऱ्या एका बाबांकडे आत्याबाई स्वतः घेऊन गेल्या. त्यानं काही दिवस खरंच बरं वाटलं होतं, याबद्दल पुढे बोलते. डॉक्टरी गोळ्याही झाल्या. अमिट्रिप्टिलीननं दिवसभर पेंग यायची. प्रोप्रानोलॉल मला चालत नाही, कारण लहानपणापासून दमा आहे. त्यामुळे नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी चुंबकाच्या मशीनचं नाव काढलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

पहिल्या भेटीला एसटीनं गेले. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं तेवढा तरी दिलासा, पण देवळी, वर्धा, सेलू, बुटीबोरी असं करत उन्हातून पोचेपर्यंत डोकं चढलेलंच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "केस विंचरताना दुखतं का?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. दुखायचंच! मामंजींसमोर डोक्यावरून पदर घेते, तर त्या पदराचाही भार सोसायचा नाही. उशीवर उजवी बाजू टेकता यायची नाही. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि कपाळावरून अलगद फिरवला. डावीकडे काही नाही, उजवीकडे चरचर. यवतमाळ जिल्ह्यातली बाई मी, जन्म कापसात गेला. बोंडाची टोकं बोटांना टोचतात हे माहीत होतं, पण नुसता कापूस टोचतो हे त्या दिवशी कळलं.

याला ॲलोडायनिया म्हणतात. चेहऱ्याकडून मेंदूकडे खबर नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस आहे. अर्धशिशीत तिच्या पुढची केंद्रं इतकी तापलेली असतात की साधा स्पर्शसुद्धा दुखणं म्हणून नोंदला जातो. दुसरी गोष्ट मला जास्त पटली. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला काही दिवसांनी गिरणी ऐकू येईनाशी होते, कारण तेच तेच आलं की मेंदू लक्ष काढून घेतो. अर्धशिशीवाल्यांचा मेंदू ते नीट करत नाही, आणि डोकं दुखत नसतानाही करत नाही, असं तपासण्यांत दिसलं आहे. माझ्या नागमोडी रेघेचंही कारण मिळालं. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगानं एक लाट सरकते आणि तिच्या मागे पेशी काही काळ गप्प होतात. लिआओ नावाच्या ब्राझिलच्या शास्त्रज्ञानं ही लाट 1944 मध्ये प्राण्यांच्या मेंदूत पाहून लिहून ठेवली होती. म्हणजे मला कोणाची नजर लागली नव्हती.

घरी सांगितल्यावर आत्याबाईंचा पहिला प्रश्न, "काऊन व, डोक्शाले लाइटचा झटका देते का थे?" झटका नाही, आणि भूलही नाही. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र उठतं, ते कवटीतून आरपार जातं आणि आत मेंदूत बारीकसा प्रवाह तयार करतं. तत्त्व फॅरेडेचं, 1831 चं, दहावीच्या विज्ञानात आहे तेच. माणसाच्या मेंदूवर ते अशा वेटोळ्यानं वापरून दाखवलं 1985 मध्ये, इंग्लंडमधल्या शेफिल्डला बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. क्षेत्राचा जोर एमआरआयइतका, पण टिकतं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

उपचाराच्या दिवसांत मानेवाड्याला मावसबहिणीकडे राहिले, कारण एकाआड एक दिवस जायचं होतं. आत जाण्याआधी क्लिपा, कानातले, मंगळसूत्र सगळं काढून पर्समध्ये. फॉर्मवर प्रश्न: डोक्यात धातूची पट्टी, कानात बसवलेलं यंत्र, पेसमेकर, कधी फिट आली होती का. कानात बोळे घालून खुर्चीत बसवलं. टेक्निशियन ताईंनी इंग्रजी आठच्या आकाराचं ते वेटोळं डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलं, थोडं पुढे, थोडं मागे सरकवलं, आणि एकदम माझ्या उजव्या हाताची करंगळी उडाली. मी उडवली नव्हती. पुन्हा ठोका, पुन्हा करंगळी. हात माझाच, हुकूम दुसऱ्याचा! भीती वाटली, आणि खरं सांगते, हसूही आलं. करंगळी जेमतेम हलेल तो जोर म्हणजे माझा उंबरठा; त्यावरून मशीनचा जोर ठरतो.

मग सेकंदाला 10 ठोके. गॅसचा लायटर कानाशी कोणी टकटक वाजवत राहावा तसा आवाज. कवटीवर कोणी बोटानं टिचक्या मारतंय असं वाटतं, भुवई आपोआप थरथरते. थोडे ठोके, थोडा थांबा, असे मिळून 600. त्या दिवशी डोकं जडच राहिलं, जेवण गेलं नाही. बाकी काही नाही.

हा क्रम लखनौच्या संजय गांधी पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या अभ्यासावरून घेतलेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो 2013 मध्ये छापून आला. 100 रुग्ण, काहींना खरे ठोके, काहींना खोटे, कोणाला काय हे रुग्णाला ठाऊक नाही. महिन्याभरानं खऱ्यावाल्यांपैकी सुमारे 79 टक्के लोकांची डोकेदुखी निम्म्याहून जास्त कमी झाली. खोट्यावाल्यांतही 33 टक्के लोकांची झाली! हा दुसरा आकडा ऐकल्यापासून मी जिलेबीवाल्यांना की नाकात थेंब सोडणाऱ्या बाबांना हसत नाही. बरं होणार या आशेनंसुद्धा मेंदू दुखणं खाली आणतो, आणि ते दुखणं खरंच कमी झालेलं असतं. मात्र दोन आकड्यांमधलं अंतर मशीनचं. शंभर माणसांचा महिन्याभराचा अभ्यास लहानच, हेही डॉक्टरांनी न विचारता सांगितलं. ते मला आवडलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर पुढच्या महिन्यात दुखण्याचे दिवस स्पष्ट कमी झाले. डॉक्टरांनी दिलेल्या वहीत रोज लिहिते: दुखलं का, किती वेळ, पाळी कधी, ऊन किती, गोळी घेतली का. वेणी घालताना आता हात थांबत नाही. मे महिन्यात दुखणं परत वाढलं, पण पूर्वीसारखं आडवं पाडलं नाही. यात मशीनचा वाटा किती आणि नुसत्या आशेचा किती, हे सांगायची सोय नाही, आणि पैसे तर गेलेच आहेत. पुन्हा ठोके घ्यायचे का, ते दिवाळीनंतर वही पाहून ठरवू असं डॉक्टर म्हणाले.

गावात आता चौकशा होतात. आत्याबाईंना ते गुडघ्याला लावतात का हे हवंय. वरच्या आळीतली एक जण पोराला घेऊन आली होती. त्याला मिरगीचे झटके येतात. तिला सांगितलं, त्याला ही मशीन सहसा लावत नाहीत, आधी त्याच्या डॉक्टरांना विचार आणि तोवर त्याची गोळी एक दिवसही चुकवू नको.