मिठाचा पाक का होत नाही?

साखरेचा पाक होतो, गुळाचाही होतो. मिठाचा पाक केल्याचं कुणी ऐकलंय? खरं तर दोघं सारखीच. पांढरी, दाणेदार, पाण्यात टाकली की दिसेनाशी होणारी. शाळेच्या तक्त्यात तर दोघांना एकाच रकान्यात बसवतात : मीठ विरघळतं, साखर विरघळते, वाळू तळाशी बसते, तेल वर तरंगतं. एवढं लिहिलं की दोन गुण. किती विरघळतं हे मात्र त्या तक्त्यात नसतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

20 अंश सेल्सिअसच्या 100 ग्रॅम पाण्यात मीठ जेमतेम 36 ग्रॅम मावतं. साखर मावते 200 ग्रॅमच्या वर. पाणी स्वतःच्या वजनाच्या दुप्पट साखर पोटात घालतं, तेही थंड असताना! त्याला उकळी आणली तर साखरेचा आकडा 480च्या पुढे जातो. मिठाचा? 39. एवढा गॅस जाळून पदरात तीन ग्रॅम.

म्हणूनच मिठाचं पाणी कितीही आटवा, 109 अंशांच्या आसपास ते अडतं. तेव्हा त्यात शेकडा 28 भाग मीठ असतं. त्यापुढे जेवढं पाणी वाफ होऊन जाईल तेवढं मीठ भांड्याच्या तळाला आणि कडांना धरतं. उरलेलं पाणी आपलं पातळच्या पातळ. साखरेचं पाणी मात्र थांबायचं नाव घेत नाही. 110-112 अंशांना त्यात 80 टक्के साखर असते, 115 च्या सुमारास 85 टक्के, आणि आणखी तापवलं तर आणखी. माझ्या आत्याकडे थर्मामीटर फक्त तापासाठी आहे. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ती बोटं उघडते, मिटते आणि सांगते, ‘एकतारी झाला. उतरव.’

या फरकाचं कारण दोघांच्या घडणीत आहे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड यांचे एकाआड एक रचलेले भारित कण, म्हणजे आयन. छोटे, सुटसुटीत, पाणी कमी पडलं की लगेच पुन्हा रांगेत. साखरेचा रेणू म्हणजे चांगलं मोठं धूड. 12 कार्बन, 22 हायड्रोजन, 11 ऑक्सिजन, आणि अंगावर आठ ठिकाणी पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट. अशी धुडं दाटीवाटीने भरली की त्यांना एकमेकांना ओलांडून सरकताच येत नाही. पाक दाट होतो, त्याला तार सुटते. आणि स्फटिकात शिरायचं तर प्रत्येकाला नेमक्या बाजूने वळून नेमक्या जागी बसावं लागतं. त्याला वेळ लागतो. सगळी मिठाई त्या वेळावर चालते.

संक्रांतीचा काटेरी हलवा घ्या. परातीत तीळ किंवा खसखस, खाली अगदी मंद आच, आणि वरून चमचा चमचा पाक. बोटांनी सतत फिरवत राहायचं. प्रत्येक चमच्यातलं पाणी उडून जातं आणि साखर त्या दाण्यावर बसते. साखरेला कुठेतरी टेकायला जागा लागते, ती तिळाने दिलेली असते. मग साखरेवर साखर चढते. असं काही दिवस चालतं. घाई करून पाक जास्त ओतला की काटे बुजले म्हणून समजा. आत्या हे काम पौषातल्या पहाटे करते, गार कोरडी हवा असते तेव्हा, आणि त्या वेळात स्वयंपाकघराची खिडकी उघडायची कुणाची टाप नसते. हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या गळ्यात घालून सगळे फोटो काढतात. परातीवर वाकून बसलेल्या बाईचा फोटो मी तरी कुठल्या अल्बममध्ये पाहिला नाही.

गुलाबजामच्या पाकाला हेच टेकणं नको असतं. रात्रभरात तळाशी खडे झाले तर पाहुण्यांपुढे काय ठेवणार? एकदा विचारलं, ‘आत्या, यात लिंबू कशाला?’ ती म्हणाली, ‘पाकाची परत साखर होऊ नये म्हणून.’ पुस्तकातलं उत्तरही हेच आहे, फक्त लांबलचक. लिंबाच्या आंबटाने गरम पाकातल्या थोड्या साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे दोघे मूळ साखरेच्या रांगेत बसत नाहीत आणि इतरांनाही नीट बसू देत नाहीत.

मिठाची गोष्ट परातीत नाही, उरण-पेणच्या मिठागरात पाहावी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार, त्यातलं खाण्याचं मीठ 27 ग्रॅमच्या आसपास. पाऊस सरला की खाडीचं पाणी वाफ्यात घेतात आणि पुढचं काम ऊन-वाऱ्यावर सोपवतात. पाणी आटून पाचव्या हिश्श्यावर आलं की आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार, तळाशी बसतं. दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ. ते ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते काढून टाकतात. खडीसाखर गरम पाक गार होत जाताना दोऱ्यावर वाढते. मिठाला गार करून काही मिळत नाही, त्याच्याजवळचं पाणीच काढून घ्यावं लागतं.

आणि हे काम सूर्य फुकटात करतो, म्हणून तर मिठावरचा कर लोकांना एवढा झोंबला. 1930 साली शिरोड्याला सत्याग्रही मिठासाठी उतरले, तेव्हा कायदा मोडायला त्यांना ना भट्टी लागली, ना यंत्र. साखरेसाठी असा सत्याग्रह करायचा तर आधी ऊस लावून वर्षभर थांबावं लागलं असतं.

स्फटिकाचा आणखी एक गुण कारखानदार पुरेपूर वापरतात : वाढताना तो सहसा आपल्यासारख्यालाच आत घेतो, बाकीच्यांना बाहेर ठेवतो. साखर कारखान्यात तपकिरी, चिकट रसातून पांढरे दाणे निघतात ते बरेचसे याच्याच जोरावर. दाणे गरगर फिरवून मळी वेगळी करतात. आपल्या डब्यातली साखर 99 टक्क्यांहून अधिक सुक्रोज, म्हणजे निव्वळ साखरच, असते. रसायनशास्त्राच्या वर्गात साजूक तूप, मध, दूध हे सगळे मानकरी मिश्रणांच्या बाकावर बसतात, आणि पलीकडच्या, शुद्ध पदार्थांच्या बाकावर साखर आणि खाण्याचा सोडा. दसऱ्याला सोड्याच्या पुडीला कुणी फूल वाहत नाही, पण निखळपणात ती तुपाच्या बरणीच्या कितीतरी पुढे असते.

जाड्या मिठाचं तेवढं नाही. मिठागरातून येताना ते थोडं कडू पाणी अंगावर घेऊनच येतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं, म्हणून आषाढ लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. निव्वळ मीठही हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती त्याच्या खाली येते कधी? पण मॅग्नेशियमवाल्याला तेवढाही दम नसतो. आत्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते. त्याचा कितपत उपयोग होतो यावर आमचं एकमत नाही. लोणच्याचं मीठ मात्र ती कढईत कोरडं भाजून घेते. ओलावा जातो, मॅग्नेशियम तिथेच राहतं. म्हणून भाजलेलं मीठ गार झालं की लगेच फोडींना लावायचं. उद्यावर टाकलं तर कढई पुन्हा गॅसवर.