पाण्यातून परत आलेल्या खुर्च्या

सांगलीच्या गावभागात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दहा बाय बाराचं दुकान होतं. दारावर ऑइलपेंटनं एवढंच लिहिलेलं: ‘खुर्च्या विणून मिळतील’. बँका, शाळा, वकिलांची घरं, सगळीकडून वेताच्या खुर्च्या यायच्या. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ती आवक आटली. मी डिप्लोमा करून पुण्याला मॉड्युलर किचनच्या कारखान्यात लागलो. २०१२ साली परत आलो आणि त्याच जागेत वर्कशॉप थाटलं. किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट. सात वर्षं काम भरपूर मिळालं. त्यापलीकडे त्या सात वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही.

मग २०१९चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, सगळं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर मी गिऱ्हाइकांच्या घरोघरी फिरलो. मीच बसवलेली कपाटं होती ती. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, पल्ले पाणी पिऊन फुगले होते, लॅमिनेट सुटून लोंबत होतं, हात लावला की ओला भुसा गळायचा. रस्त्याच्या कडेला ढीग लागले होते आणि त्या ढिगांत माझं काम मला लांबूनही ओळखू येत होतं. कित्येक रात्री झोप लागली नाही.

तशाच एका ढिगात वकिलांच्या घरच्या सहा सागवानी खुर्च्या पडल्या होत्या. वेत कुजलेला, अंगभर चिखल. अण्णा म्हणाले, “या उचल.”

“अण्णा, सगळे सांधे सुटलेत.”

“सुटलेत. मोडले नाहीत.”

हा फरक मला त्या दिवशी कळला नाही, नंतरच्या दोन महिन्यांत कळला. पूर्वीचे सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरायचे. तो बराच वेळ पाण्यात राहिला की विरघळतो. मग कुसू, म्हणजे सांध्याची जीभ, सालीतून, म्हणजे तिच्या खोबणीतून, अलगद बाहेर येतं, लाकूड फाटत नाही. खुर्चीचे भाग सुटे झाले की धुवा, सावलीत वाळवा, पुन्हा जोडा. अण्णांनी पहिली खुर्ची उलटी केली, तेव्हा बैठकीखालच्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: १९८१. अक्षर त्यांचंच होतं. विणून झालं की वर्ष लिहायची त्यांची पद्धत.

दिवाळीच्या आधी सहाही खुर्च्या त्या घरी परत गेल्या. जुन्या घडणीच्या सागवानी फर्निचरची आमची आजची वाटचाल सुरू झाली ती त्या दिवसापासून, २०१२ पासून नाही.

आता त्या खुर्चीच्या घडणीबद्दल, कारण खरा जीव तिथंच आहे. पाय वर जाड, खाली निमुळते आणि किंचित बाहेर कललेले. नक्षी कुठंही नाही. पाठ मागे रेललेली, बैठक आणि पाठ दोन्ही वेताची. आज गिऱ्हाईक याला ‘रेट्रो’ किंवा ‘मिड-सेंच्युरी’, म्हणजे गेल्या शतकाच्या मध्यातली घडण, म्हणतं. ही खुर्ची आपल्याच भागातल्या कुणा सुतारानं केली असणार, पण तिचे नातेवाईक जगभर आहेत. चंदीगड शहर उभं राहत असताना त्याचे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जान्रे १९५१ ते १९६५ तिथं राहिले. त्यांनी कचेऱ्या, कॉलेजं आणि ग्रंथालयांसाठी साग आणि वेत वापरून खुर्च्या केल्या. पाय उलट्या ‘व्ही’सारखे. पुढे त्यांतल्या कित्येक खुर्च्या भंगार म्हणून विकल्या गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखो रुपये आले. ते वाचलं तेव्हा मला सांगलीतला तो ढीगच आठवला.

डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांची १९४९ची ‘विशबोन’ खुर्ची आमच्याकडे फोटो दाखवून अनेकांनी मागितली. तिची बैठक कागदी दोरीची, एका खुर्चीला जवळपास १२० मीटर दोरी लागते. आम्ही आमच्या एका खुर्चीवर बाजेची सुती दोरी वापरून पाहिली. दिसायला देखणी झाली, पण चार महिन्यांत झोळ आला. तेव्हापासून बैठकीला वेतच.

ही घडण आजच्या फ्लॅटला शोभते याला माप कारण आहे. बाजारातला गुबगुबीत सोफा ३६ ते ३८ इंच खोल असतो. आम्ही ३० इंचांत करतो. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये ते सहा ते आठ इंच म्हणजे चालायची वाट. खाली सहा इंच मोकळे असले की फरशी भिंतीपर्यंत दिसते, खोली मोठी वाटते, आणि सोफा न सरकवता खालून केर निघतो. ही शेवटची गोष्ट घरातल्या बायकांनी आम्हाला सांगितली. कोणत्याही डिझायनरनं सांगितली नव्हती.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे. २०२० साली कोल्हापूरच्या एका कॅफेसाठी अठरा खुर्च्या केल्या. पावसाळ्यात घेतलेला साग, घाई, ओलावा मोजला नाही. मार्चच्या उन्हात लाकूड आक्रसलं आणि सांध्यांत फटी पडल्या. अठराही परत आणल्या आणि स्वखर्चानं नव्या करून दिल्या. आता मीटरवर १२ टक्क्यांच्या वर ओलावा दिसला तर लाकडाला करवत लागत नाही. जुन्या वाड्यांच्या तुळयांचा साग मिळाला तर आधी तो घेतो. पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या लाकडाला तोड नाही. खिळे मात्र एकेक शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच.

पॉलिश आम्ही मिरजेत शिकलो. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एका कारागिरानं चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं थरावर थर कसा चढवायचा ते माझ्या दोन पोरांना महिनाभर बसवून शिकवलं. टेबलाच्या वरच्या फळीला मात्र आम्ही लाख लावत नाही. गरम कप ठेवला की पांढरा डाग उठतो.

विणकामाला आमच्याकडे एक काका आहेत, लहानपणी अंधशाळेत शिकलेले. दोन उभे, दोन आडवे, दोन तिरपे, असे सहा फेर ते बोटांनी मोजतात. एका खुर्चीला दोन दिवस. मी त्यांना घाई करत नाही.

२०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा वर्कशॉप कुपवाडला हलवून झालं होतं. किचन आम्ही अजूनही प्लायमध्ये करतो, तिथं तेच योग्य. पण खुर्ची, सोफा, पलंग यांत एमडीएफ नाही, आणि नवी वस्तू जुनी म्हणून विकणं तर नाहीच. प्रत्येक खुर्चीबरोबर एक कागद देतो: वेत सैल पडला तर खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवा, रात्रभर वाळू द्या, ताण परत येतो.

गेल्या महिन्यात वकिलांच्या त्या सहांतली एक खुर्ची पुन्हा आली. नातू बैठकीवर उभा राहून उड्या मारायचा म्हणे. मी ती उलटी केली. १९८१च्या खाली २०१९. काकांनी विणून दिली, अण्णांनी पेन्सिल माझ्या हातात दिली, आणि त्याखाली मी यंदाचं वर्ष लिहिलं.