तुम्ही विचारलंत म्हणून: साठीनंतर कोणती स्की घ्यावी?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी कुणीतरी मला बाजूला घेतं. यंदाही घेतलं. "ताई, यांना सदुसष्टावं लागलं, गुडघे कुरकुरतात, पण डोंगर काही सोडवत नाही. कोणती स्की घेऊ यांच्यासाठी?" त्यांना कंपनीचं नाव हवं होतं. मी विचारलं, "बूट कसे आहेत?"

बॉस्टनला आल्यावर पहिली काही वर्षं बर्फ म्हणजे फावड्याने उपसायची गोष्ट, एवढंच मला माहीत होतं. 1996 साली मुलांना मॅसॅच्युसेट्समधल्या वचूसेटच्या डोंगरावर घेऊन गेले आणि अडतिसाव्या वर्षी मीच शिकून आले. तेव्हा भाड्याने मिळाली ती स्की माझ्या डोक्याच्या वर वीतभर जाणारी, सरळसोट पट्टी. वळवायची तर सगळा जोर मांड्यांवर. नव्वदच्या दशकात स्कीचा आकारच बदलला. पुढे-मागे रुंद आणि कमरेत बारीक अशी स्की आली. ती आपल्या धातूच्या धारदार कडेवर कलली की तिच्या बाकामुळे आपसूक वळते, म्हणून कमी लांबीतही काम भागतं. आज आमच्यासारखे साठी ओलांडलेले लोक उतारावर दिसतात त्याचं मोठं श्रेय मी या आकाराला देते.

साठीला मी स्वतःला नवी जोडी भेट दिली. दुकानातला मुलगा म्हणाला, वय झालं की रुंद स्की घ्यावी, तरंगत जाल. कमरेत 98 मिलिमीटर. हा सल्ला कोलोराडो-यूटाच्या भुसभुशीत बर्फासाठी चांगला आहे. आमच्या न्यू इंग्लंडमध्ये जानेवारीत पाऊस पडतो, रात्री तो गोठतो आणि सकाळी उतार फरशीसारखा कडक झालेला असतो. अशा बर्फावर स्कीला कडेवर उभं करावंच लागतं. स्की जितकी रुंद, तितकी तिची कड तळपायाच्या मध्यापासून लांब, आणि तेवढा पीळ घोट्यातून गुडघ्यात जातो. मार्च उजाडेपर्यंत मी घरातला जिना कठडा धरून, एकेक पायरी उतरत होते.

पुढच्या डिसेंबरात व्हरमाँटला ओकीमोच्या उतारावर 72 मिलिमीटरची जोडी भाड्याने घेतली. पहिल्या दोन-तीन वळणांतच कळलं, दोष गुडघ्यांचा नव्हता. कड बर्फात रुतली, मी नुसती कललेली होते आणि पाय गप्प होते. लिफ्टमध्ये बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या वर्षी मी हे सगळं सोडून द्यायचं ठरवून टाकलं होतं.

म्हणून इकडच्या बर्फासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: कमर 68 ते 80 मिलिमीटरच्या मध्ये. स्कीवरच पुढची, कमरेची आणि मागची रुंदी असे तीन आकडे छापलेले असतात, त्यातला मधला बघायचा. शेजारी वळणाची त्रिज्या असते, ती 12 ते 15 मीटर असली की वळण सहज बसतं. पुढचं टोक नेहमीपेक्षा थोडं मागूनच वर उचललेलं असावं. स्की उभी धरली की ती तुमच्या हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यावी. "आखूड म्हणजे सोपी" हे ऐकून त्याहून कमी घेऊ नका, थोडा वेग आला की अशी स्की डगमगते आणि तोल सांभाळायला पायच राबतात. फार हलकी, फार मऊ स्कीही कडक बर्फावर थरथरते. लाकडी गाभ्याची, मध्यम ताठ स्की मला या वयात सगळ्यांत विश्वासाची वाटते. फक्त आत धातूचे जाड पत्रे असलेली शर्यतीची जोडी दुकानातच राहू द्या. ती जोर लावल्याशिवाय वाकत नाही.

पण त्याआधी बूट. टाच हलत असेल तर उत्तम स्कीसुद्धा तुमचं ऐकणार नाही, आणि सैल बुटात पाय घट्ट धरून ठेवायला नडगी दिवसभर लढते. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ते बुटांना द्या, स्की भाड्याने घ्या. ग्रिपवॉक तळाचे, म्हणजे चालायला सोप्या खाचांच्या रबरी तळाचे, बूट घेतले तर पार्किंगमधल्या गोठलेल्या पायऱ्यांवर पाय घसरत नाही, मात्र बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी आणि पडताना सोडणारी पकड, त्या तळाला चालणारं हवं.

बाइंडिंग लावताना वय आणि वजन खरं सांगा, हे मी हात जोडून सांगते. बूट किती जोर आल्यावर सुटायचा, तो आकडा वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, स्की करण्याची पद्धत आणि वय यांवरून तक्त्यात काढतात. पन्नाशी आली की त्या तक्त्यात एक ओळ वर, म्हणजे सैल आकड्याकडे, सरकतात. पाच वर्षं लपवणाऱ्या बायका आणि पाच किलो लपवणारे पुरुष मी दोन्ही पाहिलेत. शिवाय बाइंडिंग मुळात नडगीचं हाड वाचवायला घडवलेलं आहे, गुडघ्यातल्या लिगामेंटची हमी ते देत नाही.

गराजमधली वीस वर्षांपूर्वीची जोडी काढू नका. इतक्या जुन्या बाइंडिंगला कंपनीचा पाठिंबा उरलेला नसतो, त्यामुळे दुकानदार हात लावत नाहीत. जुन्या बुटांचं प्लास्टिक तर थंडीत चालता चालता फुटतं.

भाड्याची स्की हातात आली की अंगठ्याचं नख कडेवर आडवं, हलकेच ओढून बघा. नखाचा बारीक पांढरा कीस निघाला तर कडेला धार आहे. नख नुसतं घसरलं तर तिथल्या तिथे धार लावून मागा.

आणि दोन जोड्या एकाच दिवशी, एकाच उतारावर वापरून बघा. निवड दुपारी दोननंतर करा, पाय दमल्यावर आणि वरचा मऊ थर खरवडून गेल्यावर.

त्या काकांना फेब्रुवारीत एखाद्या मंगळवारी वचूसेटला घेऊन या. शाळांची सुट्टी नसेल तर गर्दी नसते, आणि मी दहा वाजल्यापासून तिथेच असते. बूट मी स्वतः तपासून देईन.