वीज गेल्यावर इमारत काय करते?

बदलत्या हवामानाला एखादी इमारत तोंड देऊ शकेल की नाही, हे ठरवताना मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारते: ऐन उष्णतेच्या लाटेत किंवा अतिवृष्टीत वीज गेली, तर आत राहणारी माणसे किती वेळ सुरक्षित राहतील? नेमक्या अशाच वेळी वीज जाण्याची शक्यता जास्त असते, आणि आपण मात्र घरातला सारा गारवा, पाणी, वर-खाली जाणे हे सगळे विजेवर सोपवून मोकळे झालो आहोत. एसी बसवला की प्रश्न मिटला, ही समजूत म्हणूनच मला धोक्याची वाटते. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे शेजारची हवा आणखी तापवतो, आणि सगळ्यांचे एसी एकाच वेळी सुरू झाले की वीजपुरवठ्यावरचा ताण वाढतो. वृद्ध, आजारी माणसे आणि तान्ही बाळे यांच्यासाठी तो हवाच, याबद्दल वाद नाही. पण छताने आणि भिंतींनी करायचे काम त्याच्या गळ्यात घालणे योग्य नव्हे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे गच्ची. १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने ७०० हून अधिक, तर २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० लोकांचा बळी घेतला. दोन्ही ठिकाणी नंतर झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट समान आढळली: सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका अधिक होता. याचे कारण समजायला अवघड नाही. काळपट छताचा पृष्ठभाग कडक उन्हात ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. काँक्रीटचा स्लॅब ही उष्णता दिवसभर शोषून घेतो आणि काही तासांनी खालच्या खोलीत सोडू लागतो. त्यामुळे बाहेर हवा निवलेली असतानाही रात्री छताखाली हात वर केला तर धग जाणवते, आणि ज्या वेळी शरीराला दिवसभराच्या तापातून सावरायचे असते त्याच वेळी त्याला उसंत मिळत नाही. पंख्याचाही मग फारसा उपयोग होत नाही, कारण हवाच ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीराला उलट तापवू लागतो.

त्याच छतावर पांढरा परावर्तक लेप दिला, तर पृष्ठभागाचे तापमान २५ अंशांहूनही अधिक उतरू शकते. हा उपाय मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी कोणाला घर रिकामे करावे लागत नाही. मात्र लेपाआधी गळती आणि भेगा दुरुस्त करून घ्याव्या लागतात आणि धूळ बसली की परावर्तन घटते, म्हणून गच्ची धुण्याची जबाबदारी कोणाची हेही आधीच ठरवावे लागते. जिथे हिवाळा कडाक्याचा असतो, तिथे पांढऱ्या रंगापेक्षा उष्णतारोधक थर अधिक उपयोगी, कारण तो दोन्ही ऋतूंत कामाला येतो.

खिडक्यांबाबत एवढेच सांगेन की ऊन काचेच्या बाहेर अडवावे. छज्जा, बाहेरची झडप किंवा चटई जे काम करते ते आतला पडदा करू शकत नाही. पडद्यापर्यंत पोचलेले ऊन खोलीत शिरलेलेच असते. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवता आल्या, तर भिंती निवतात. पण त्यासाठी जाळी आणि भक्कम गज हवेत, नाहीतर डास आणि चोर यांच्या धास्तीने त्या बंदच राहतात.

पाण्याच्या बाबतीतही तीच कसोटी लावावी. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे कमी वेळात कोसळणारा पाऊस वाढतो. गच्चीवरचे निचऱ्याचे पाइप मात्र जुन्या पावसाच्या नोंदींवरून ठरवलेले असतात. एका पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला आणि कठड्याच्या आत १० सेंटिमीटर पाणी साचले, तर दर चौरस मीटरवर १०० किलो भार वाढतो. कठड्यात योग्य उंचीवर जादा पाण्यासाठी एक मोकळी वाट ठेवणे हे किरकोळ काम आहे, तरीही ते क्वचितच केलेले दिसते.

खाली तळघरात तर गोष्ट अधिकच गंभीर होते. २०१२ मध्ये सॅंडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर १३व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना इंधन पोचवणारे पंप तळघरात होते आणि तळघर पाण्याने भरले. माणसांना इंधन हातोहात जिन्याने वर न्यावे लागले आणि अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले. जनरेटर उंचावर ठेवण्याची दूरदृष्टी होती. साखळीतली एक कडी खाली राहिली. म्हणून मीटर, स्विचबोर्ड, पाण्याचे पंप आणि लिफ्टची यंत्रणा यांपैकी काय पुराच्या पातळीखाली आहे, याची यादी प्रत्येक इमारतीने करावी, असे मी आग्रहाने म्हणते.

यातली बहुतेक कामे आज उभ्या असलेल्या इमारतींतच करावी लागणार आहेत, कारण पुढची कित्येक दशके बहुसंख्य लोक त्यांतच राहणार आहेत. खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण तो बराचसा वेळ साधण्याचा प्रश्न आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग कधीतरी नव्याने करावेच लागते. उष्णतारोधक थर तेव्हाच घालावा. वायरिंग बदलायला निघाले की मीटर वर न्यावेत, आणि रंगकामासाठी परांची बांधली की छज्जेही त्याच परांचीवरून करून घ्यावेत. भाड्याच्या घरांत मात्र उकाडा सोसणारा एक आणि दुरुस्तीचा निर्णय घेणारा दुसरा असतो. तिथे मालकाच्या सवडीवर विसंबून चालणार नाही. काही थंड प्रदेशांत हिवाळ्यात घरातल्या किमान तापमानाला कायद्याची मर्यादा असते, तशीच मर्यादा घरातल्या कमाल तापमानालाही घालावी लागेल.